ग्लिसरीन न लागणारी मुलगी

मंडईत भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी माझ्या पिशवीत घालता घालता थांबतात, मान तिरकी करून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अगं, तू ती रडकी ना?" चाळिशी उलटलेल्या, विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईला भर बाजारात रडकी म्हणायचा हक्क या शहरात सगळ्यांना आहे. मी हो म्हणते. नाही म्हटलं तर वाद होतो, आणि हो म्हटलं की कोथिंबीर वरून मिळते.

लहानपणी मी एका मालिकेत काम करायचे. तेव्हा चॅनेल मोजकीच होती आणि संध्याकाळी घरोघरी एकच गोष्ट चालू असायची. पेठेतल्या एका घराची गोष्ट, आणि त्या घरात आईविना वाढणारी मुलगी म्हणजे मी. आईविना म्हटल्यावर रडणं ओघानं आलंच. मी इतकं रडले की लोकांना माझं नाव कधी माहीत झालं नाही, रडणं तेवढं लक्षात राहिलं. हिला ग्लिसरीन लागत नाही, अशी माझी ख्याती होती. सेटवर येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं जायचं, घरात नवा फ्रीज आणल्यावर पाहुण्यांना दाखवतात तसं.

ग्लिसरीन का लागत नाही, हे मला ठाऊक होतं आणि माझ्या आईला. दिग्दर्शकांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे त्यांनाही अंदाज होता, असं मी आता धरून चालते.

आम्ही येरवड्यात राहायचो. पप्पा एका सरकारी खात्यात कारकून होते आणि आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला कुणीतरी पाहिलं, निवडलं, आणि आईनं आधी रजा टाकली, मग नोकरीच सोडली. नोकरी परत मिळेल, हे परत मिळणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. भाषेच्या बाबतीत ती फार कडक. 'शाळा' म्हणताना 'ळ' पातळ झाला तरी घास हातात धरून तीनदा म्हणायला लावायची. सेटवर माझ्या आजीचं काम करणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, खऱ्याखुऱ्या पेठेतल्या. पहिल्याच दिवशी माझं वाक्य ऐकून त्या आईला म्हणाल्या, "अहो, येरवड्याची वाटत नाही हो मुलगी." आई शांतपणे म्हणाली, "तुम्हीही पेठेतल्या वाटत नाही. इतक्या लवकर कौतुक केलंत." त्यानंतर त्या दोघींचं चांगलं जमलं.

हे एवढ्यासाठी सांगते, की माझी आई काही दुष्ट बाई नव्हती. ती हुशार होती, आणि आपली मुलगी कुठेही कमी पडता कामा नये या एका गोष्टीपुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

शूटिंग खडकवासल्याच्या रस्त्याला एका भाड्याच्या बंगल्यात चालायचं. पहिला रडायचा शॉट आला तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. डोळे भगभगले, पाणी आलं, पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी डोळ्यांतून पाणी गळणारी आणि बाकी सगळी मजेत असलेली मुलगी दिसत होते. दोन-चार वेळा करून पाहिल्यावर दिग्दर्शक आईकडे वळले. "ताई, तुम्ही जरा बघता का?"

आई मला स्वयंपाकघराच्या मागे घेऊन गेली. तिथे पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या गळक्या नळाखाली शेवाळ साचलेलं होतं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या मानेवर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "पप्पा गेले."

मी विचारलं, कुठे?

"गेले म्हणजे गेले. ऑफिसात चक्कर आली. आता तू जा, तेवढा शॉट दे, मग आपण घरी जाऊ."

मी गेले. शॉट दिला. कसा दिला ते मला आठवत नाही, टाळ्या मात्र आठवतात. मग आईनं मला उचलून घेतलं आणि गर्दीतून बाहेर नेता नेता कानाशी म्हणाली, "खोटं होतं गं. खोटं होतं." तोंडात लिमलेटची गोळी घातली. संध्याकाळी पप्पा घरी आले तेव्हा मी त्यांच्या पायांना मिठी मारली ती सोडेचना. ते पेरू कापत होते, तिखटमीठ लावून. "काय झालं हिला?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "दमलीये."

मग तेच रूढ झालं. रडायचा शॉट आला की सगळे आईकडे बघायचे, आई मला टाकीपाशी न्यायची, मानेवर हात ठेवायची आणि तेच दोन शब्द सांगायची. ते तिनं कधी बदलले नाहीत. आणि ते खोटं आहे, हे मला एव्हाना कळत होतं. लोकांना हे समजावणं फार अवघड जातं. खोटं आहे हे डोक्याला कळायचं, पण मानेवर हात पडला की रडू आपोआप फुटायचं. माझ्या शरीराला तेवढं शिकवून ठेवलेलं होतं. आधी 'गेले', मग शॉट, मग 'खोटं होतं' आणि गोळी. शेवटचं ऐकल्याशिवाय काम संपलं असं मी मानायचे नाही. एकदा आई कुणाशी तरी बोलत राहिली आणि सांगायला विसरली, तेव्हा तिनं सांगेपर्यंत मी तिच्या साडीचा पदर धरून जेवणाच्या रांगेत तशीच हुंदके देत उभी होते.

या पद्धतीत एक अडचण होती ती म्हणजे पप्पा. ते सेटवर दिसले की काम बिघडायचं. एका रविवारी ते आमच्यासाठी डबा घेऊन आले, तर व्यवस्थापकानं त्यांना फाटकाबाहेरच थांबवलं. ते आंब्याच्या सावलीत वर्तमानपत्र वाचत बसले. घरी आल्यावर हसून म्हणाले, "मी असलो की पोरगी रडत नाही म्हणे. बापाचा उपयोग काय मग?" आई डबा धुवायला घेऊन गेली. ती फाटकाबाहेर त्यांच्यासाठी टाकलेली खुर्ची मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आम्ही त्यांना रोज थोडं थोडं बाहेर काढत होतो, असं मला आज वाटतं. तेव्हा मला फक्त भीती वाटायची आणि ती कशाची, ते सांगता यायचं नाही.

मग एके दिवशी दुपारी मी मेकअपला बसले होते. बंगल्यातला फोन दिवाणखान्यात असायचा, टेकच्या वेळी वाजू नये म्हणून त्यावर उशी ठेवलेली असायची. कुणीतरी आईला हाक मारली, तुमचा फोन आहे. ती गेली. आरशात मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती उभ्याउभ्या ऐकत होती, आणि फोन ठेवल्यावर तिनं ती उशी परत नीट फोनवर ठेवली.

शॉट असा होता की मी माझ्या मेलेल्या आईच्या फोटोसमोर उभी राहते आणि मला रडू फुटतं. दिग्दर्शकांनी अजून बोलावलंही नव्हतं, तरी आई आपण होऊन माझ्याकडे आली. टाकीपाशी नेलं नाही. तिथेच, लायटांच्या मागे, ती माझ्यासमोर बसली. मानेवर हात ठेवला. हात ओला होता. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पप्पा गेले."

मी मान डोलावली. मला सगळ्यात जास्त हेच आठवतं, की मी मान डोलावली, हो, समजलं, देते, अशी.

तो शॉट अजून आहे. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकलाय आणि वर्षातून दोनदा तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो, खाली हात जोडलेल्या बाहुल्या असतात. त्यात मध्येच मी कॅमेऱ्याच्या पलीकडे बघते. तिथे आई उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आज आई किती छान मदत करतेय. आणि मी अजून जोरात रडले.

टाळ्या झाल्या. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, सेफ्टीसाठी अजून एक घेऊ या?"

आई म्हणाली, "नाही."

तिनं त्यांना नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी धावत तिच्याकडे गेले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मी हात पुढे केला, तिनं गोळी दिली. मी गोळी तोंडात धरून वाट बघत राहिले. गाडीत बसलो तरी ती बोलली नाही. पर्वतीचा पायथा गेला, स्टेशन गेलं, पूल आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. गोळी विरघळून गेली.

घरी माणसं जमलेली होती. पप्पांना खालीच, चटईवर ठेवलं होतं. पांढरे कपडे घातलेल्या बायकांनी आईला धरलं आणि मग ती जी रडली ते मी कधी ऐकलेलं नव्हतं. मला कुणीतरी पुढे ढकललं, पाया पड म्हणाले. मी पडले. मी रडले नाही. माझं रडून झालं होतं, शॉट ओके झाला होता. आता फक्त आईनं मला बाजूला घेऊन ते सांगायचं राहिलं होतं, आणि इतक्या लोकांत तिला ते सांगता येत नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. माझ्या मागे एक नातेवाईक बाई दुसरीला म्हणाली, "टीव्हीवर धो धो रडते, आणि सख्ख्या बापासाठी टिपूस नाही बघ." मी ऐकलं आणि मनात म्हटलं, हिला काय कळतंय यातलं.

भंतेजी आले, वंदना झाली, अंत्ययात्रा झाली. जलदानविधीच्या दिवशी सगळे जेवून गेले तरी मी दाराकडे बघत होते. त्यानंतरही बरेच दिवस. शेवटी एका दुपारी शाळेतून घरी न जाता मी बसनं पप्पांच्या ऑफिसात गेले. तिथे मी आधी त्यांच्याबरोबर गेले होते, त्यांचं टेबल खिडकीजवळ होतं. टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी पाण्याचा थर्मास होता. शिपायानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तू टीव्हीवरची ना गं? थांब, सगळ्यांना बोलावतो." तो वळला, दोन पावलं गेला, आणि मग मी कुणाची मुलगी आहे ते त्याला आठवलं. तो तसाच पाठमोरा उभा राहिला. वळून माझ्याकडे बघायचं धाडस त्याला होईना. त्या पाठीवरून मला कळलं की पप्पा खरंच गेले. आईच्या सांगण्यावरून नाही कळलं, चितेवरूनही नाही. एका शिपायाच्या पाठीवरून कळलं, कारण तिथे कॅमेरा नव्हता.

पुढचं थोडक्यात. माझे दात पुढे आले, उंची वाढली, मालिकेतली मुलगी एका भागात मामाकडे शिकायला गेली ती परत आलीच नाही. आईला एका खाजगी शाळेत नोकरी मिळाली. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी बी.कॉम. झाले, विमा कंपनीत लागले, आणि गेली कित्येक वर्षं मी मृत्यूचे दावे बघते. माणूस खरोखर गेला आहे की नाही, याची खात्री करणं हे माझं काम. ऑफिसात सगळे म्हणतात, मॅडम फार चौकस आहेत. आहेच मी.

माझ्या मुलीला यातलं काही करू द्यायचं नाही, हे मी ती पोटात असतानाच ठरवलं होतं. असल्या ठरवण्याला काय अर्थ असतो? ती दुसरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत नाट्यशिबिराला गेली, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या. तिथल्या सरांना कळलं की ही कुणाची मुलगी. त्यांनी सगळ्या मुलांना माझा तो शॉट मोबाइलवर दाखवला. पुढच्या वर्षी एका मालिकेवाल्यांनी त्या सरांना फोन केला, आणि सरांनी आम्हाला. नवरा म्हणाला, "एक वर्ष करू दे की. हौस आहे तिला." माझी मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, मी होमवर्क रोजच्या रोज करीन." माझी आई तिथेच बसून शेंगा सोलत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी नोकरी करणारी, त्यामुळे पोरीबरोबर सेटवर कोण जाणार, हे न बोलताच ठरलेलं होतं.

मी एकच अट घातली. रडायचा शॉट असेल त्या दिवशी मला आधी कळलं पाहिजे.

काही महिने सगळं हसतंखेळतं होतं. दप्तर, डबा, भाऊ-बहिणीची भांडणं, असलेच प्रसंग. मी मात्र रोज संध्याकाळी दारात तिचा चेहरा बघायचे. तिच्या मानेवर हात ठेवून बघायचे, ती दचकते का. दचकायची नाही. "काय करतेस गं आई, गुदगुल्या होतात," म्हणायची. तरी मला चैन पडायचं नाही. ऑफिसात एखादा दावा वाचताना मध्येच वाटायचं, आता या क्षणी तिकडे कुणीतरी तिच्या कानाशी वाकलं असेल. आणि मग एका गुरुवारी निरोप आला, शनिवारी इमोशनल सीन आहे. मुलीची आई दवाखान्यात आहे आणि डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात.

शुक्रवारी संध्याकाळी मी आईच्या स्वयंपाकघरात गेले. ती कणीक मळत होती. मी दारातच उभी राहिले आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी फोन आला होता, तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

तिनं कोणत्या दिवशी असं विचारलं नाही. "हो," म्हणाली.

"मग मला शॉट का देऊ दिलास? तसंच उचलून घरी का नाही आणलंस?"

"आणलं असतं. मग तो शॉट राहिला असता." तिचे हात थांबले नव्हते. "आठवड्यानं, पंधरा दिवसांनी, बोलावलंच असतं त्यांनी. लिहून दिलेलं होतं. त्याच फोटोसमोर तुला उभं केलं असतं. आणि तेव्हा मी तुझ्या कानात काय सांगणार होते?"

 मला राग आला, इतका की मी दाराची चौकट धरली. "निदान गाडीत तरी सांगायचंस. या वेळी खरं आहे म्हणून."

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "सांगितलं होतं की," ती म्हणाली. "शॉटच्या आधीच."

 मग कणकेवर ताट झाकून तिनं हात धुतले आणि म्हणाली, "उद्या मी तिच्या जवळपास जाणार नाही. तू असशीलच. हवं तर माझा हात धरून बस."

शनिवारी मी रजा काढली आणि खरंच आईचा हात धरून बसले. खडकवासल्याच्याच बाजूला, एका मोठ्या शेडमध्ये दवाखाना उभा केला होता. दिग्दर्शक तिशीचा, उलटी टोपी घातलेला, वागायला अगदी गोड. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मॅम, टेन्शन घेऊ नका. टिअर स्टिक आहे आपल्याकडे, डोळ्यांखाली लावली की पाणी येतं. नो प्रेशर." मला तो आवडला. मी शेडभर नजर ठेवून होते. मेकअपची मुलगी पोरीच्या जवळ गेली, तिचे केस नीट करून परत आली. तिच्या कानाशी कुणी वाकलं नाही. मी पापणी लववली नाही म्हटलं तरी चालेल.

मेकअपच्या मुलीनं टिअर स्टिक पुढे केली, तर माझी लेक म्हणाली, "नको, मला लागत नाही."

माझ्या हातातला आईचा हात एकदम घट्ट झाला.

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोडा वेळ काहीच नाही. मग तिचे खांदे जरासे खाली आले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. मी रडण्यातली आहे, मला त्यातला फरक कळतो. नुसतं पाणी काढणं वेगळं. हिचा श्वास आत अडकला होता, हनुवटी थरथरत होती आणि ओठ एका बाजूला ओढले गेले होते. एक आवाज आला, अगदी बारीक. शेडमधली माणसं हलायची थांबली. एक लाइटवाला तोंड फिरवून उभा राहिला.

"कट," दिग्दर्शक हळूच म्हणाला. मग टाळ्या.

आणि ती थांबली, नळ बंद करावा तशी. बाहीला नाक पुसलं आणि विचारलं, "ब्रेक आहे का? मला भूक लागलीये."

"मी काही बोललेले नाही तिला," आई म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.  "आत्ता नाही, आधीही नाही. कधीच नाही."

"माहितीये," मी म्हटलं, आणि माझा तिच्यावर विश्वास होता.

दिग्दर्शक माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅम, हे ब्लडमध्येच असतं." मी हसले. असं कुणी म्हटलं की हसायचं असतं.

पॅकअप झाल्यावर आईला रिक्षात बसवून दिलं आणि लेकीला स्कूटरवर मागे घेतलं. रस्त्याला नेहमीसारखी गर्दी. ती मागे बसून वडापाव खात होती आणि त्याचा चुरा माझ्या पाठीवर पडत होता. पहिल्या सिग्नलला मी विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"आज रडताना काय आठवलंस गं?"

"सीक्रेट असतं ते."

"मलाही नाही सांगणार?"

तिनं थोडा विचार केला. "तू मेलीस असं," ती म्हणाली, डब्यात काय आणलंय ते सांगावं तसं.

सिग्नल सुटला. मी स्कूटर चालवत राहिले, कारण दुसरं काय करणार? पुढचा सिग्नल आला. मग विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं? आजीनं?"

"नाही गं. शिबिरात तुझा व्हिडिओ दाखवला ना, तेव्हा सर म्हणाले, तुमची सगळ्यात फेवरेट गोष्ट गेली असं इमॅजिन करा. कुणी डॉगी घेतला, कुणी सायकल घेतली. मी तुला घेतलं." तिनं वडापाव संपवून कागदाचा बोळा माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबला. "आधी नुसतं तू आजारी पडलीस एवढं केलं तरी यायचं. आता तेवढ्यानं येत नाही. आता पूर्ण करावं लागतं."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे तुला घरी आणतात, हॉलमध्ये ठेवतात. तुला तो निळा ड्रेस घातलेला असतो. सगळे व्हाइट कपडे घालून बसतात आणि मी आत येते." ती जरा थांबली. "मी घरीपण प्रॅक्टिस करते. तू झोपलेली असलीस ना दुपारी, की मी नीट बघून ठेवते."

 हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता. "आणि मग नंतर?" मी विचारलं. "शॉट झाल्यावर? स्वतःला सांगतेस ना, की ते खोटं होतं?"

"का?"

"का म्हणजे, सांगायला नको?"

तिनं यावर खरोखर विचार केला, प्रामाणिकपणे, गणिताच्या पेपरात करते तसा. "नाही," ती म्हणाली. "कट झालं की झालं ना."

मी इंडिकेटर न देताच स्कूटर डावीकडे घेतली आणि एका बंद दुकानासमोर थांबवली. मागचा रिक्षावाला काहीतरी बोलून गेला. मी हेल्मेट काढलं. तिनं खाली उतरून माझ्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, मी रागावले.

"आई, सॉरी," ती म्हणाली. माझ्या दंडावर हात ठेवून, समजूत घातल्यासारखं. "तुला आवडत नसेल तर नेक्स्ट टाइम बाबांना घेते."

मी फोन काढला आणि नवऱ्याला लावला. शनिवार होता, तो घरीच असणार हे मला माहीत होतं. त्यानं दुसऱ्या रिंगला उचलला. "काय गं? निघालात का?" मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी हो म्हटलं. "मग फोन का केलास?" त्यानं विचारलं. तू आहेस ना, एवढंच बघायला, हे मला म्हणता येईना. तो हॅलो हॅलो म्हणत राहिला, आणि लेक माझ्या समोर उभी राहून माझा चेहरा नीट बघून ठेवत होती.